बाकी पुढे ओढली

एक विद्यार्थिनी, बी. कॉम. (तृतीय वर्ष)

पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षी अकाउंटन्सीच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर एक नियम लिहिला. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. लिहिला होता अर्थातच इंग्रजीत. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. 'डेबिट' डावीकडे की उजवीकडे, एवढेही मला समजेना. माझ्या बाकावरची मैत्रीण कन्नड माध्यमातून आलेली. तिचीही तीच गत. शेवटी आम्ही दोघींनी पुस्तकाच्या समासात आपापल्या भाषेत अर्थ लिहून घेतला. तिने लिहिले 'कोडुववनु', मी लिहिले 'देणारा'. तिने लिहिले 'पडेयुववनु', मी लिहिले 'घेणारा'. मग एकमेकींची पुस्तके पाहून आम्ही हसलो. नियम पाठ झाला आणि परीक्षेत गुणही मिळाले.

पण या नियमाने पुढे मला एका ठिकाणी चांगलेच तोंडघशी पाडले. ती हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी शिक्षकदिनाच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शनाचे काम माझ्याकडे आले. आभारप्रदर्शन म्हणजे काय चीज असते हे वाचकांना ठाऊकच आहे. ज्याला गाता येत नाही, भाषण करता येत नाही, त्याच्या वाट्याला ते येते. आणि वक्ता उभा राहिला की खुर्च्या सरकू लागतात, मागच्या दाराशी चहाची किटली दिसू लागते. मी आपली चिठ्ठी घेऊन उभी राहिले. प्राचार्यांचे झाले, पाहुण्यांचे झाले, मंडपवाल्याचे झाले. शेवटी आपल्याकडचे ठरलेले वाक्य होते : 'आपले आभार मानून मी आपल्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही, ऋणात राहणेच मला आवडेल.' हे वाक्य मी शाळेपासून पन्नास वेळा तरी ऐकले असेल. पण ते म्हणताना 'ऋणातून मुक्त' या शब्दांवर माझी जीभ अडखळली. पुढच्या रांगेतल्या मैत्रिणींना वाटले, ही विसरली. मी विसरले नव्हते. त्या क्षणी मला अव्वा आठवली होती.

माझे गाव भालकी तालुक्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातल्या आमच्या बीदर जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. आजीचे माहेर तिकडे गेले, सासर इकडे राहिले. त्यामुळे आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गल्लीत दखनी उर्दू असा कारभार असतो. गावात शाळा दहावीपर्यंतच. पुढे तालुक्याच्या गावी जायचे तर बसची वेळ जुळेना. म्हणून अण्णांनी तिथे एक खोली पाहून दिली. महिना सातशे रुपये भाडे. घरमालकीण एक वृद्ध बाई. सारी गल्ली तिला अव्वा म्हणे, म्हणून मीही अव्वा म्हणू लागले.

अव्वाचा नवरा जाऊन बारा वर्षे झाली होती. त्याच्या आजारपणात तिचे तीन एकर शेत विकले गेले. मुली लग्न होऊन लांब गेल्या. अव्वा दोन खानावळींना जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीच्या भाकरी, पुरवून आपले पोट भरी. पहाटे चारला तिचे थापणे सुरू होई. भिंतीपलीकडून येणारा तो टप्‌ टप्‌ आवाज हेच माझे घड्याळ होते. मौज अशी, की 'खानावळ' हा आपला शब्द कन्नडने घेतला आणि 'अक्का', 'अण्णा' हे त्यांचे शब्द आपण घेतले. कोण कोणाचे किती देणे लागतो, हे आमच्या भागात कोणी मोजत बसत नाही. मोजत बसले ते मीच.

भाड्यात जेवण ठरलेले नव्हते. मी खोलीत स्टोव्हवर खिचडी करून घेत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॉलेजहून आले तर उंबऱ्याशी ताटली पालथी घातलेली. उचलून पाहिले तर दोन भाकरी आणि पुंडी पल्ल्ये, म्हणजे आपली अंबाडीची भाजी. मी लगेच शेजारी गेले आणि नुकत्याच शिकलेल्या शुद्ध कन्नडमध्ये म्हणाले, "धन्यवाद, अव्वा."

अव्वाने काठवटीतून मान वर केली. "याकव्वा, ना एन होरगिनाकेन?" का ग बाई, मी काय परकी आहे?

तिने ते हसत म्हटले होते, पण मी वरमले. वास्तविक आपल्या घरातही हा शब्द कुठे आहे? आईने ताट वाढले म्हणून कोणी आईला धन्यवाद म्हणत नाही. म्हटले तर आई विचारील, "काय ग, बरं नाही का?" सख्ख्या माणसाचे आभार मानले की त्याला चार हात लांब बसवल्यासारखे होते. आमच्या कॉलेजात आता 'थँक्यू' सर्रास झाले आहे. पेन दिले तरी थँक्यू, वाट दिली तरी थँक्यू. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण तो नाण्यांचा व्यवहार झाला. घेतले, नाणे टाकले, पुढे गेले. अव्वाला नाणे नको होते.

मी त्यातून सोयीस्कर अर्थ काढला. धन्यवाद म्हणायचे नाही ना? मग ठीक. पुढे मी ताटली उचलायची, खायची आणि धुऊन तिच्या ओट्यावर पालथी ठेवायची, एवढेच राहिले. काही महिन्यांनी तर ताटली दिसली नाही की मीच मनात कुरकुर करू लागले. तोंडाने आभार न मानणे आणि मनातही न ठेवणे, यांत फार अंतर आहे. ते मला तेव्हा कळले नाही.

दुसऱ्या वर्षी परतीच्या पावसात अण्णांची सोयाबीन रानातच काळी पडली. परीक्षेचे शुल्क आणि पुस्तके मिळून दीड हजार रुपये हवे होते, आणि घरी मागायला जीभ रेटेना. मी कोणाला सांगितले नव्हते. पण पातळ भिंतीपलीकडे फोनवरचे बोलणे ऐकू जात असले पाहिजे. त्या रात्री अव्वाने पिठाच्या डब्यात हात घालून एक पुरचुंडी काढली आणि मोजून दीड हजार माझ्या हातावर ठेवले. त्या नोटांना ज्वारीच्या पिठाचा वास होता. एका भाकरीमागे तिला किती सुटते हे मला माहीत होते. वाणिज्याची विद्यार्थिनी मी. ते पैसे किती भाकरींचे, हा हिशोब माझ्या मनात आपोआप झाला. मी तो रकाना आखून वहीत लिहिलाही. अव्वाचे खाते जमा, रुपये दीड हजार.

त्याचा भार मला वर्षभर जाणवत राहिला. खरे सांगायचे तर त्यात कृतज्ञता थोडी आणि संकोच फार होता. आपल्यापेक्षा गरीब बाईचे आपण देणे लागतो, हे मला खुपत होते. परीक्षा झाली, पास झाले. खोली सोडण्याच्या दिवशी अण्णांनी दिलेल्या पैशांतून पाचशेच्या तीन कोऱ्या नोटा घेऊन मी अव्वाकडे गेले. त्या तिच्या हातात ठेवल्या आणि सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "नम लेक्क मुगीत, अव्वा." आपला हिशोब संपला.

"मुगीत?" एवढेच अव्वा म्हणाली. नोटा तिने मोजल्या नाहीत. डब्याखाली सरकवल्या आणि पुन्हा पिठात पाणी घालू लागली. मी वहीत तिच्या नावाखाली दोन आडव्या रेघा ओढल्या. खाते बंद.

त्यानंतर दीड वर्ष माझी बस त्या गल्लीच्या तोंडावरून जात राहिली. मी एकदाही उतरले नाही.

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी एका व्याख्यात्यांनी आम्हाला कृतज्ञतेवर व्याख्यान दिले. रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी वहीत लिहा, मन प्रसन्न राहते, असे त्यांनी सांगितले. ही कल्पना हवेतली नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात विद्यार्थ्यांचे गट पाडले होते. एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञ वाटावे अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. कृतज्ञतेच्या गटातल्यांना आपले आयुष्य बाकीच्यांपेक्षा अधिक बरे वाटले. मीही वही घातली. पहिल्या दिवशी लिहिले : जेवण, वीज, आरोग्य, आईवडील, वेळेवर बस. दुसऱ्या दिवशी बस वेळेवर नव्हती, म्हणून तिथे 'पाऊस' लिहिले. अकरा दिवस हे चालले आणि बंद पडले.

शिक्षकदिनाला जीभ अडखळली त्या रात्री मी ती जुनी वही शोधून काढली. अकरा दिवसांच्या पंचावन्न नोंदी. 'जेवण' अकरा वेळा होते. पण जेवण कोणी केले, वीज गेल्यावर खांबावर कोण चढले, बस कोणी चालवली, हे एकदाही नव्हते. दोन वर्षे जिच्या भाकरी खाल्ल्या तिचे नाव पंचावन्नांत एकदाही नव्हते. वस्तूंची यादी झाली होती. माणसे गळाली होती. आणि ज्या एका माणसाचे नाव मी कधी काळी लिहिले होते, त्याखाली दोन रेघा होत्या.

पण चूक कळली म्हणून लगेच सुधारता येते असे नाही. अव्वाकडे कोणत्या तोंडाने जायचे? तो प्रश्न आजीने नकळत सोडवला.

आजीचा गाणगापूरचा नवस होता. मार्गशीर्षात दत्तजयंतीला ती मला बरोबर घेऊन गेली. बीदर ते कलबुर्गी ही रेल्वे २०१७ साली सुरू झाली, तिने गेलो. २०१४ साली गुलबर्ग्याचे नाव कलबुर्गी झाले, पण आजी अजून तिकिटाच्या खिडकीवर 'गुलबर्गा दोन' असेच सांगते आणि तिकीटवालाही बिनतक्रार देतो. कलबुर्गीत शरणबसवेश्वरांच्या देवळात थोडे थांबलो. शेतातली पाखरे न हाकलता त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवणारा हा शेतकरी संत, असे लोक त्यांच्याविषयी सांगतात. त्यांच्या नावाबरोबर एक शब्द कायम येतो : दासोह. बाराव्या शतकात आमच्याच जिल्ह्यातल्या कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, बसवण्णांनी आणि शरणांनी 'कायक' आणि 'दासोह' हे दोन शब्द जगून दाखवले. कायक म्हणजे घाम गाळून मिळवणे, आणि दासोह म्हणजे मिळवलेले चार जणांत वाटणे. पण वाटताना भाव धन्याचा नाही, दासाचा. देणाऱ्यानेच नम्र व्हायचे. बीदरच्या गुरुनानक झिऱ्याच्या लंगरमध्येही हेच दिसते. तिथे कोट्यधीश माणूस पंगतीत खाली मान घालून पोळ्या वाढत असतो आणि घेणाराला कोणी नाव-गाव विचारत नाही.

गाणगापूरला भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर आम्ही स्नान केले. त्या दिवशी तिथे मराठी यात्रेकरूंची इतकी दाटी होती, की कन्नड मुलुखात आहोत हे दुकानांच्या पाट्यांवरूनच कळावे. ज्या 'गुरुचरित्रा'साठी हे क्षेत्र घराघरांत माहीत झाले तो ग्रंथ मराठी, पण ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड होती असे अभ्यासक सांगतात. म्हणजे तेही आमच्यासारखेच दोन भाषांच्या उंबऱ्यावरचे.

तिथे पाच घरी माधुकरी मागण्याची रीत आहे. श्रीमंत असो, गरीब असो, झोळी घेऊन पाच दारी उभे राहायचे. आजी पुढे झाली, आणि मी मागे खांबाआड उभी राहिले. बी. कॉम.ला शिकणारी मुलगी, अंगावर धड कपडे, खिशात मोबाइल; कोणी ओळखीचे पाहिले तर?

आजी वळून म्हणाली, "असं हात आखडून काय उभारलीस? द्यायला सगळ्यांनाच येतंय बाई. घ्यायला शिकायलाच इथं यायचं असतंय."

चार घरी मी आजीच्या मागून पदर पसरला. पाचव्या घरी मी पुढे होते. आतून एक बाई आली. माझ्याच आईच्या वयाची. तिने भाकरीचा चतकोर आणि थोडा भात माझ्या हातातल्या पानावर ठेवला, आणि मग तिने मला वाकून नमस्कार केला. मी दचकून मागे सरले. तिथल्या लोकांची श्रद्धा अशी, की माध्यान्ही स्वतः दत्तगुरू भिक्षेला येतात; दारातला कोण आहे हे कोणी सांगावे? म्हणून देणारी हात जोडते. मी तिला काय द्यावे? माझ्याकडे सुट्टे पैसे होते. ते पुढे करणे म्हणजे तिचा अपमान झाला असता. मी फक्त घेऊ शकत होते. तो चतकोर मी संगमावर बसून खाल्ला. त्याला पिठाचा तोच वास होता.

तिथे माझ्या लक्षात आले, की अव्वाच्या हातात नोटा ठेवल्या हे चुकले नव्हते. उसने घेतलेले परत करायलाच हवे. तिच्या कष्टाचे पैसे होते ते. चुकले ते पुढचे वाक्य. तिने मला दोन वर्षे जे दिले त्याची किंमत मी दीड हजार लावली, आणि वर पावती मागितली.

दत्तजयंती मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी अमावास्या येते, ती आमची वेळ अमावास्या. आमच्याकडे सगळे तिला येळवस म्हणतात, कन्नड लोक 'येळ्ळ अमाशी' म्हणतात; कन्नडमध्ये 'येळ्ळु' म्हणजे तीळ. लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या पट्ट्याबाहेरच्या वाचकांना हा सण कदाचित माहीत नसेल. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि राने भरतात. ज्वारी हुरड्यावर आलेली असते, हरभरा घाट्यांनी भरलेला असतो, तुरीच्या शेंगा वाळू लागलेल्या असतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप करतात, तिच्यात चुना-काव लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, तूर-पावटा-वाटाणा-हरभरा अशा ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तीळ लावलेल्या भाकरी, गव्हाची खीर. पूजा झाली की घरधनी आंबील शिंपडत शेताला फेरी घालतो आणि ठरलेली आरोळी देतो. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. वाटेने जाणारा अनोळखी माणूससुद्धा जेवल्याशिवाय पुढे जात नाही. या साऱ्या सणात 'आभार' हा शब्द कुठेच नाही. जमिनीने दिले, त्यातले आधी जमिनीला परत, मग वाटेवरच्या कोणालाही. एवढेच.

मला आठवले. पी. यू. सी.च्या दोन्ही वर्षी येळवसीला मी पिशवी घेऊन घाईने गावाकडे निघाले होते. दोन्ही वेळा अव्वा रिकाम्या गल्लीत ओट्यावर बसलेली होती. दोन्ही वेळा मी म्हटले होते, "शेताला चालले, अव्वा." शेत विकलेल्या बाईला मी हे सांगून गेले, आणि 'चल' म्हणायचे मला सुचले नाही.

अमावास्येच्या आठ दिवस आधी मी त्या गल्लीच्या तोंडाशी उतरले. बसमध्ये कन्नडमध्ये माफीचे चांगले मोठे भाषण जुळवले होते. दारात अव्वाने डोळ्यांवर हात धरून विचारले, "यारव्वा?" कोण ग? तिला दिसणे कमी झाले होते. भाषण घशातच राहिले. मी एवढेच म्हणाले, "येळ्ळ अमाशिगि नम होलक्क बा, अव्वा." अमावास्येला आमच्या शेताला चल.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रोट्टी यार बडीतार?" भाकरी कोण थापणार?

"त्या दिवशी खानावळी बंदच असतात, अव्वा."

"हौद," ती म्हणाली. खरेच की.

ती आली. अण्णा तिला मोटारसायकलवरून घेऊन आले. तिच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा होता. त्यात तीळ लावलेल्या कडक सज्जी रोट्टी, आपल्या बाजरीच्या भाकरी. मी तिला वाढायचे म्हणून बोलावले होते, आणि खोपीशी बसून पहिला घास मी तिच्याच हातचा खाल्ला. जमाखर्च पुन्हा उलटा.

अण्णा आंबील घेऊन फेरीला निघाले आणि त्यांनी आरोळी दिली. लहानपणापासून ती आम्ही मराठी समजून देत आलो. शब्दांचा अर्थ कोणालाच लागत नाही. फेरी पलीकडच्या बांधावर पोचली तेव्हा खोपीपाशी बसलेल्या अव्वाने तीच आरोळी परत दिली. तिचे उच्चार थोडे निराळे होते, सूर तोच. म्हाताऱ्या, फाटक्या आवाजात, पण अशी, की अण्णा बांधावर थबकले. मी विचारले, "अव्वा, याचा अर्थ काय?" ती म्हणाली, अर्थ कशाला हवा, हाक आहे, भूमितायीला ऐकू गेली म्हणजे झाले. मग तिने पदराने तोंड पुसले. आंबील उडाली म्हणाली. आंबील तर पलीकडच्या बांधावर होती.

निघताना आईने सवाष्ण बायकांच्या ओट्या भरल्या. अव्वापाशी येऊन तिचा हात क्षणभर अडखळला. मग तिने कुंकवाची कुयरी खाली ठेवली, अव्वाचा पदर स्वतःच्या हाताने पसरला आणि त्यात हरभऱ्याचे ढाळे, ओल्या पावट्याच्या शेंगा आणि मूठभर बोरे घातली. ही ओटी नव्हे असे कोणी म्हणत असेल तर म्हणो. आजी शेजारी उभी होती. तीही काही बोलली नाही.

रस्त्यापर्यंत मी अव्वाला हात धरून नेले. तेव्हा कुठे मला बोलता आले. "अव्वा, त्या दिवशी मी हिशोब संपला म्हणाले होते."

"हां, अंदिद्दि." हो, म्हणाली होतीस. तिच्या ते लक्षात होते. दीड वर्ष लक्षात होते.

"तप्प आत, अव्वा." चुकले माझे.

ती चालत राहिली. मग म्हणाली, "लेक्क मुगिदर मंदिनू मुगीतार, मगा." हिशोब संपला की माणसेही संपतात, लेकरा. लगेच तिने विषय बदलला. माझा डबा कुठे आहे, म्हणाली. आईने तो परत दिला होता, पण रिकामा नव्हे. आपल्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत करत नाहीत. त्यात भज्जी होती आणि वर खीर.

यावर तात्पर्य सांगायचे तर माझ्याकडे मोठे काही नाही. वही मी पुन्हा सुरू केली आहे. आता तिच्यात 'काय' लिहीत नाही, 'कोणामुळे' लिहिते. पाच नाही सुचली तर एकच. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसमध्ये फुकट प्रवास मिळू लागला. कंडक्टर मला शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. पूर्वी मी ते चुरगळून टाकी. आता कधीकधी ते वहीत ठेवते. रक्कम शून्य लिहिलेली असली तरी ती कोणीतरी भरली आहे. माझ्या अव्वाने काडेपेटीसारखे जे काही विकत घेतले, त्यातूनही थोडी भरली असेल. तहानेच्या वेळी कॉलेजच्या माठात पाणी असते. ते रोज सकाळी भरणाऱ्या मावशींना मी तीन वर्षांत नावाने हाक मारली नव्हती. आता मारते. त्या आधी गोंधळल्या, आता त्याच मला आधी हाक मारतात. पण रोज हे जमते असे नाही. परीक्षा आली की मी पुन्हा पूर्वीसारखी आंधळी होते. शेत नांगरले तरी तण पुन्हा येतेच. म्हणून तर दर वर्षी येळवस करायची.

सरांनी शिकवलेला नियम खोटा नाही. घेणाराचे नाव, देणाऱ्याचे जमा. फक्त मी त्याच पुस्तकातले पुढचे प्रकरण विसरले होते. वर्षअखेरीला सगळी खाती बंद होत नाहीत. काही खात्यांची बाकी काढून ती पुढच्या वर्षात ओढायची असते. नव्या वहीची पहिली ओळ तीच असते. धंदा चालू आहे याची ती खूण. ज्याची कोणाकडेच काही बाकी उरली नाही, त्याने दुकान बंद केले असे समजावे. अव्वाच्या खात्याखालच्या त्या दोन रेघा आता खोडता येत नाहीत, शाईच्या आहेत. म्हणून मी खाली नवीन ओळ लिहिली आहे : मागील बाकी पुढे ओढली. रकमेचा रकाना मोकळा ठेवला आहे.

तो डबा अजून फिरतो आहे. संक्रांतीला तो शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन आमच्या घरी आला, पाडव्याला आंब्याचे लोणचे घेऊन परत गेला. हे लिहीत असताना तो माझ्या खोलीत टेबलावर आहे. येताना त्यात पुंडी पल्ल्ये होती. येत्या रविवारी मी तो परत न्यायचा आहे, आणि त्यात काय भरावे हे अजून ठरत नाही. स्टोव्हवर मला खिचडीच बरी जमते. बहुधा तीच नेईन.